गुडघा बरा आहे

मला आगतस्वागत सोसत नाही. दारात हसून उभं असलेलं माणूस दिसलं की माझ्या कपाळाला आपोआप आठी पडते. नोकरीच तशी आहे. मी वजनमापे निरीक्षक. महिन्यातले वीस दिवस गावोगाव फिरायचं, दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर असेल त्यावर शिक्का मारायचा आणि चुकत असेल त्याला लाल चिठ्ठी लावायची. ज्या दुकानात पाय ठेवतो तिथे खुर्ची पुढे येते, पंखा माझ्याकडे वळतो, घरच्यांची चौकशी होते. या सगळ्याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, की आत कुठेतरी काटा खोटा आहे. सव्वीस वर्षं हे बघितल्यावर गोड बोलणं आणि काहीतरी लपवणं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकाच खणात जाऊन पडल्या आहेत.

म्हणून माईंच्या घरी पहिल्यांदा उतरलो तेव्हा एकच मुक्काम करायचा असं ठरवलं होतं. नेहमीच्या लॉजमध्ये रंगकाम चाललं होतं, कोणीतरी हा पत्ता दिला. साधं दोन मजली घर, वर पाहुण्यांसाठी तीन खोल्या, खाली मोठ्या टेबलावर सकाळची न्याहारी. दारात माई उभ्या, आणि हसत होत्या. मी मनात म्हटलं, झालं.

पण खोलीत लपवलेलं काही सापडेना. चादर स्वच्छ, नळ गळत नव्हता, दिवा वाचायला बसायच्या जागी होता. दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी तीन तक्रारी केल्या. चहात साखर आहे, मला चालत नाही. अंडं कच्चं आहे, मला आठ मिनिटं उकडलेलं लागतं. आणि सकाळी मला कोणाशी बोलायला आवडत नाही. शेजारचा पाहुणा आपल्या बशीत बघायला लागला. माईंनी ओले हात पुसले, टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली आणि तीत काहीतरी लिहिलं. त्यानंतर सहा वर्षं, वर्षातून दोनदा, त्या घरात मला बिनसाखरेचा चहा, आठ मिनिटांची दोन अंडी आणि शांतता मिळत आली. पुन्हा सांगावं लागलं नाही. तरीही मी तक्रारी करतच होतो, कारण नवीन सापडत होत्या. खिडकीची कडी, जिन्यातली सैल पायरी, भिंतीवरचं चार मिनिटं मागे पडलेलं घड्याळ. पुढच्या खेपेला ते दुरुस्त झालेलं असायचं. दुसऱ्या कुठल्याही गावात मी इतका खूश नसे, आणि हे माईंना मी कधी सांगितलं नव्हतं.

या खेपेला दार मुलीने उघडलं.

माईंची मुलगी दुसऱ्या शहरात एका मोठ्या इस्पितळाच्या औषध विभागात आहे, एवढं मला ऐकून माहीत होतं. पस्तिशीची, नीटनेटकी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. माझी बॅग तिने स्वतः वर नेली, आणि बॅग ठेवूनही दारातून हलेना.

"तुम्ही वजनमापेवाले ना? एक विचारायचंय. आईला कळू देऊ नका."

"विचारा."

"आईचं विसरणं वाढलंय. गेल्या महिन्यात एकच खोली दोघांना देऊन बसली. त्याआधी दूध गॅसवर ठेवून बाजारात गेली. शेजारच्यांना वास आला म्हणून बरं. मी आठवडाभराची रजा काढून आलेय. रविवारी परत जाताना तिला बरोबर न्यायचं की नाही, ते ठरवायचंय. घर घ्यायला एक जण तयार आहे."

"माई काय म्हणतात?"

"ती म्हणते, पाहुणे नसतील तर मी सकाळी उठून करू काय." तिने दाराची चौकट नखाने खरवडली. "तिची ती वही बघितलीत? नुसता गोंधळ आहे. पहिल्या पाहुण्याला नावच नाही, शेवटचं नाव लिहिलंय तर त्याच्याखाली काही नाही. चार दिवस बसून मी सगळं नव्या रजिस्टरमध्ये उतरवलं. साहेब, बाकीचे पाहुणे तिला सांभाळून घेतात. तुम्ही घेणार नाही असं ऐकलंय. न्याहारीला काही चुकलं तर मला स्पष्ट सांगा. एवढी मदत करा."

मी हो म्हणालो. तसं म्हणायला मला काहीच जड गेलं नाही, तो माझा रोजचाच धंदा आहे.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मी एकटाच होतो. मुलगी खिडकीशी पेपर उघडून बसली होती, पान मात्र उलटत नव्हती. माईंनी चहा आणून ठेवला, अंड्यांची बशी ठेवली, आणि नेहमीसारख्या आत न जाता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मी चहाचा घोट घेतला. तीन चमचे साखर असावी, निदान अडीच तरी. अंड्याला चमचा लावला तर पिवळं बशीभर पसरलं. मी वर बघितलं.

"गुडघा कसा आहे?" माईंनी विचारलं.

माझ्या गुडघ्याला कधीच काही झालेलं नाही. रोज दहा-बारा किलोमीटर पायी फिरणारा माणूस मी. एका क्षणात सगळं लक्षात आलं. माई मला विसरल्या होत्या. दुसऱ्या कोणाचा तरी चहा, दुसऱ्या कोणाचं तरी दुखणं माझ्या नावावर आलं होतं. पलीकडे पेपर खाली झाला होता आणि मुलगी माझ्याकडे बघत होती.

सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही लाल चिठ्ठी सुटलेली नाही. सख्ख्या मेहुण्याच्या दुकानाला लावली, तो चार वर्षं बोलत नव्हता. पण त्या टेबलाशी मला भिंतीवरचं घड्याळ दिसलं, माझ्या सांगण्यावरून वेळेवर आलेलं, आणि माझं तोंड उघडलं तेव्हा त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"बरा आहे. जिना चढताना थोडा धरतो, एवढंच."

"आणि चहा?" मुलीने विचारलं.

"उत्तम. मला लागतो तसाच."

माई खुर्ची ओढून हळूच बसल्या. हात मांडीवर घेतले आणि टेबलाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, बाईंचा जीव भांड्यात पडला. आपण आयुष्यात एकदा तरी कोणाच्या उपयोगी पडलो, या आनंदात मी तो पाक शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मग जिना चढताना लंगडायची वेळ आली, आणि गुडघा उजवा की डावा हे ठरवलंच नव्हतं. उजवा धरला.

त्या दिवशी बाजारातल्या एका किराणा दुकानात जुना काट्याचा तराजू तपासला. प्रत्येक वजन चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. किलोला चाळीस, पाच किलोला चाळीस, वीस किलोलाही चाळीसच. दुकानदार गयावया करायला लागला की तराजू मोडलाय, मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, अहो, मोडलेला नाही. मोडलेला तराजू एकदा जास्त दाखवतो, एकदा कमी, त्याचा काही धरबंध नसतो. तुमचा तराजू प्रत्येक वेळी सारखाच चुकतोय, म्हणजे तराजू शहाणा आहे, फक्त त्याचं शून्य सरकलंय. एक स्क्रू फिरवायला लागेल. चिठ्ठी मात्र लावलीच.

संध्याकाळी छत्रीवाले आले. घाऊक छत्र्या विकणारे हे गृहस्थ मला आधीपासून माहीत होते. माणूस अतिशय भिडस्त, काहीही पुढे ठेवा, चालेल म्हणणार. पण सकाळी चहाबरोबर त्यांना बोलायला लागायचं, आणि माई त्यांच्याशी अर्धा अर्धा तास बोलायच्या. म्हणून आम्ही दोघं एका वेळी मुक्कामाला असलो की माई मला टेबलाच्या लांबच्या टोकाला बसवायच्या.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मात्र आम्हाला शेजारी बसवलं होतं. छत्रीवाल्यांनी उत्साहाने सुरुवात केली. "माई, यंदा काय झालं माहितीये का, एक नवीन दांडा आलाय बाजारात..."

माईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला, बशी ठेवली आणि एक अक्षर न बोलता पाठ फिरवली. छत्रीवाल्यांचा दांडा तोंडातच राहिला. ते माझ्याकडे वाकले.

"माझं काही चुकलं का हो?"

मी त्यांच्या बशीत बघितलं. दोन अंडी. त्यांनी सुरीने एक कापलं तसा पिवळ्याचा कोरडा तुकडा सुटून बाजूला पडला. आठ मिनिटं, एक सेकंद इकडे ना तिकडे. मी त्यांना न विचारता त्यांचा कप उचलला आणि एक घोट घेतला. छत्रीवाल्यांनी त्यालाही हरकत घेतली नाही. चहा बिनसाखरेचा होता.

माझी न्याहारी कुठे हरवली नव्हती. ती एक खुर्ची पलीकडे सरकली होती, अंडी, चहा आणि शांततेसकट.

विसरणाऱ्या माणसाच्या चुका अशा नसतात. विसरणारं माणूस एकाला साखर जास्त घालतं, दुसऱ्याला मीठ घालायचं राहून जातं. एका माणसाचं सगळंच्या सगळं दुसऱ्याला मिळणं ही मोडलेल्या तराजूची चूक नव्हे. तेवढ्यात माझ्यापुढे पाकाचा कप आला, आणि माईंनी विचारलं, "गुडघा?"

"बरा आहे," मी सवयीने म्हणालो, आणि त्यांच्या पाठोपाठ स्वयंपाकघरात गेलो. लंगडत.

माई भांडी घासत होत्या. मला बघून त्यांनी नळ बंद केला.

"बरं झालं आलात. मला खरं सांगा. सहा वर्षं तुम्ही बिनसाखरेचा चहा घेत होतात ना? की माझाच समज होता तसा?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पुढचं सांगायला घेतलं.

"लेकीने माझी परीक्षा घेतली," माई म्हणाल्या. "तुम्ही यायच्या आदल्या दिवशी. चौदा पाहुण्यांची नावं घेतली एकेक करून. कोण काय खातं, काय पितं, कोणाला काय लागतं. मी सांगत गेले, ती रजिस्टरमध्ये बघत गेली. चौदाच्या चौदा चूक. मी म्हटलं, असं कसं होईल? ती म्हणाली, आई, तुझ्याच वहीतून उतरवलंय. मग मी म्हटलं, थांब. उद्या वजनमापेवाले येतायत. रजिस्टरमध्ये लिहिलंय तसंच त्यांच्यापुढे ठेवते. चुकलं असेल तर ते गप्प बसणारे नाहीत. बाकी कोणी बोललं नाही तरी ते बोलतील." त्यांनी हातातली बशी ओट्यावर ठेवली. "तुम्ही प्यालात आणि म्हणालात, उत्तम. तुमचा गुडघा दुखतो हे मला आठवतच नव्हतं. काल दिवसभर आठवून बघितलं. मला तुम्ही ताडताड चालतानाच दिसता. आता रविवारी लेकीबरोबर जाते. डोकंच असं झालं तर दुसऱ्यांना कशाला त्रास."

काल त्या खुर्ची ओढून का बसल्या, ते मला आता कळलं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. एका बाईने आपल्या डोक्याची परीक्षा माझ्या तक्रारखोरपणावर सोडली होती, आणि नेमका तेव्हाच मला चांगुलपणा सुचला होता.

"माई, माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत."

आता माझ्या बोलण्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा? मी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि स्वयंपाकघरात, ओट्यासमोर, एकामागून एक पाच बैठका काढल्या. चौथी काढताना दारात मुलगी येऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"तक्रार करतोय," मी म्हणालो. मला धाप लागली होती. "चहा गोड आहे, अंडं कच्चं आहे आणि मला गुडघ्याचा काही त्रास नाही. कालही नव्हता. मी खोटं बोललो. आईंना सांभाळून घ्यायला गेलो आणि त्यांनाच खड्ड्यात घातलं. ती जुनी वही कुठे आहे?"

"वर कपाटावर," माई म्हणाल्या. "मी उघडलेली नाही. तिच्यातही तसंच लिहिलेलं निघालं तर?"

मुलीने वही आणली, रजिस्टरही आणलं. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. छत्रीवाले उठायला लागले, त्यांना मी बसायला सांगितलं, कारण ते पुरावा होते. वहीत माईंचं गोल गोल अक्षर, पानामागून पान, मध्ये जागा न सोडता लिहिलेलं. दर चार-पाच ओळींनंतर एक नाव आणि त्याखाली रेघ. नाव म्हणजे खरं नाव नव्हेच. बँकेच्या बाई. दोन चष्मे. छत्रीवाले. वजनमापेवाले.

"छत्रीवाल्यांचं काय लिहिलंय, वाचा," मी मुलीला म्हणालो.

तिने रेघ मारलेल्या नावावर बोट ठेवलं आणि त्याखालचं वाचलं. "चहा बिनसाखरेचा. अंडी दोन, आठ मिनिटं. सकाळी बोलू नये."

"अगं, ते कुठे त्यांचं?" माई म्हणाल्या. "त्यांचं वर आहे. हे बघ. भाजलेला पाव, मुरंबा जास्त. काहीही चालतं म्हणतात, चालत नाही. बोलत बसावं. आणि मग खाली नाव."

"नाव खाली?"

"मग कुठे? पत्रात नाव कुठे लिहितात? आधी सगळं लिहायचं, शेवटी नाव."

मुलीने वहीचं पहिलं पान उघडलं, जिथे पहिल्या पाहुण्याला नाव नव्हतं. चार ओळी खाली ते होतं. मग शेवटचं पान उघडलं, जिथे शेवटच्या नावाखाली काही नव्हतं. काही असायचं कारणच नव्हतं. इस्पितळात ती रोज शेकडो पाकिटं बघत असेल, वर रोग्याचं नाव आणि खाली औषध. तिने आईची वही तशीच वाचली होती, आणि प्रत्येक पाहुण्याला त्याच्या पुढच्याचं पथ्य लागू झालं होतं. माझ्या वाट्याला कोणीतरी शिक्षिका बाई आल्या होत्या. तीन चमचे साखर, अंडं मऊ, गुडघ्याची चौकशी करावी.

"चौदाही मी चुकवले," मुलगी म्हणाली. "आई, मी लोकांना औषधं देते."

"तिथे नाव वरच असतं ना? मग तिथे बरोबरच देत असशील," माई म्हणाल्या, आणि तिच्यापुढे आपला चहा सरकवला.

परीक्षा पुन्हा झाली. या वेळी मुलीने वहीवरून विचारलं आणि माईंनी उत्तरं दिली. मुद्दाम सांगतो, निकाल चौदापैकी तेरा लागला. दर वर्षी येणारं एक जोडपं दूध घेत नाही, हे माई खरोखरच विसरल्या होत्या. त्या ते कबूल करून मोकळ्या झाल्या. दूध गॅसवर ठेवून बाजारात गेल्याचंही कबूल केलं, आणि एक खोली दोघांना दिल्याचंही. मुलीने एका कागदावर मोठ्या अक्षरात 'गॅस' लिहून तो बाहेरच्या दाराला आतून चिकटवला, आणि खोल्यांसाठी भिंतीवर कॅलेंडर लावलं. मग ती फोन घेऊन अंगणात गेली. घर घ्यायला तयार असलेल्या माणसाशी ती दोनच मिनिटं बोलली. आत आली तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते. माईंनी काय ठरलं म्हणून विचारलं नाही. दुपारच्या भाजीला काय करायचं ते विचारलं.

छत्रीवाल्यांना त्यांचा मुरंबा मिळाला, आणि नवीन दांड्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायची परवानगीही. मी तिथेच बसून ती ऐकली. शिक्षा म्हणून तेवढी पुरेशी होती.

बोलण्याच्या नादात वही टेबलावर उघडीच राहिली होती. सहा वर्षांत माझ्याविषयी त्यात काय लिहिलंय ते मी कधी विचारलं नव्हतं. आता वाचलं. सकाळी बोलू नये, इथपर्यंत मुलीने मघाशी वाचून दाखवलं होतं. त्यापुढे पान उलटायला लागत होतं. पलीकडच्या पानावर माझ्याविषयी आणखी एकच ओळ होती. 'तक्रार करतात. ती खरी असते.' आणि त्याखाली नाव. माझ्या खात्याने मला दोन प्रशस्तिपत्रं दिली आहेत, ती कुठे ठेवलीत हे मला आठवत नाही. ही ओळ आठवते.

दुसऱ्या दिवशी माझा मुक्काम हलायचा होता. न्याहारीला बिनसाखरेचा चहा आला, दोन अंडी आली. माई आणि मुलगी दोघीही खुर्च्यांमागे उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी अंडं कापलं. चव घेतली. एकही खोट नव्हती. पण चांगलं आहे असं म्हणालो असतो तर आता त्या घरात माझ्यावर विश्वास कोणी ठेवला असता? मी इकडेतिकडे बघितलं. मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग भिंतीवरचं. दोन्हींत खरंच फरक होता.

"दोन मिनिटं मागे आहे," मी म्हणालो.

माईंनी घड्याळाकडे बघितलं, मग मुलीकडे. खणातून वही काढली, पेन्सिल काढली. माझ्या नावाच्या वर समासात थोडी जागा होती, तिथे त्यांनी एक ओळ लिहिली आणि वाचता यावी म्हणून वही माझ्याकडे फिरवली.

'एकदा खोटं बोलले. पुन्हा बोलू देऊ नये.'